थरथर थांबली तेव्हा

माझ्या थोरल्या जावेबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं मला कोणी सांगितलेलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी लिहिले नसते. बाई खडूस होती. अजूनही आहे. भिंतीपलीकडे राहते, तिची खाट करकरली तरी मला इकडे ऐकू येते. तोंडावर मी तिला जाऊबाई आणि तुम्ही असंच म्हणत आले. इथे मी तिला ती म्हणणार आहे, कारण इथे ती ऐकत नाही.

आम्ही दोघी एकाच कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होतो. गोठवलेला मटार, मका, मासे, असलं सगळं खोक्यांत भरून तिथे ठेवलेलं असायचं. मोठ्या थंड खोल्या, उणे वीस, उणे बावीस. आत जाणाऱ्या प्रत्येकाला जाड जाकीट, विजार, टोपी, हातमोजे आणि बूट मिळायचे, आणि हे सगळं देण्याघेण्याचं काम जाऊबाईकडे. तिच्या खोलीला दाराऐवजी अर्ध्या उंचीची एक खिडकी होती. त्या खिडकीत ती एकोणीस वर्षं उभी राहिली. पाप्याचं पितर म्हणावं इतकी वाळकी, नाक लांब, केस करकचून बांधलेले, दोन बोटांत कायम एखादं कापड धरून चिमटत असलेली. मॅनेजर बदलले, मालक बदलले, खिडकीतली ही बाई हलली नाही.

लग्नाआधी ती भरणाची जाकिटं शिवायच्या कारखान्यात होती. अकरा वर्षं तिने तेच केलं. त्यामुळे कपड्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी तिची ठाम समजूत होती, आणि वैताग म्हणजे ती खरी होती. जाकीट परत आलं की ते फळीवर पसरायचं, त्यावर मूठ दाबायची, मूठ काढायची आणि मोजायचं. पाच म्हणेपर्यंत खड्डा भरून वर आला नाही तर जाकीट बाद. मग मॅनेजर कितीही ओरडो. घडी घालून थप्पी लावू द्यायची नाही, दोरीवर सुटं टांगायचं. धुऊन वाळलं की वेताच्या छडीने चारी बाजूंनी झोडपायचं, आतलं भरण मोकळं होईपर्यंत. तेव्हा तिचा चेहरा बघावा. मला तर वाटायचं, प्रत्येक जाकिटाच्या जागी ती मला बघतेय.

नव्या माणसांना ती पहिल्या दिवशी भाषण द्यायची. "गरम कपडे गरम कपडे म्हणू नका माझ्यासमोर. कपडा गरम नसतो. मेलेल्या कापसात कुठली आलीय गरमी? गरम तू आहेस. तुझ्या अंगातली ऊब बाहेर पळते, आणि ह्या भरणात अडकलेली हवा तिला अडवते. हवा दाबलीस की संपलं. म्हणून पट्टा आवळायचा नाही, मोज्यांवर मोजे चढवून पाय बुटात कोंबायचे नाहीत, आत तीन स्वेटर घालून जाकीट फाटेस्तोवर फुगवायचं नाही. आणि घाम आला की माझ्या खिडकीशी यायचं. ओल्या अंगाने आत गेलास तर ऊब राहायची नाही." हे सगळं ती एका दमात म्हणायची, माणसाच्या तोंडाकडे न बघता, त्याच्या कॉलरकडे बघत. मग कॉलरीत हात घालायची. गार, हाडकुळा, बोटांना सुयांचे घट्टे पडलेला हात थेट मानेमागे, पाठीवर वीतभर. बायका असोत नाहीतर बाप्ये असोत, विचारायची पद्धत नाही. तिच्या हाताला घाम लागला की माणूस बाजूला.

मी हे भाषण निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. म्हणजे माझ्या कानांवरून गेलं. तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की माझं लक्ष खिडकीबाहेर, धक्क्यावर, कुठेही लागायचं, तिच्या शब्दांवर सोडून. पुढे त्याची शिक्षा मिळाली, पण ती मला मिळायला हवी होती, मिळाली भलत्यालाच.

आमचं वैर माझ्या कामाच्या पहिल्याच दिवशी सुरू झालं. मी अंगाने भरलेली. लहानपणापासून मला उकडतं, चार पावलं भरभर चालले की कपाळावर घाम. तिने मला घरात आल्या आल्या नाव ठेवलं होतं, भट्टी. "भट्टी, जरा सरक, मला त्या बाजूचं भांडं घ्यायचंय." घरातल्या घरात मी ते गिळत होते. पण कामाचा पहिला दिवस, उशीर होईल म्हणून मी पळत गेलेली, तीस माणसं रांगेत उभी, आणि हिने माझ्या मानेमागे हात घातला, बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा आपल्या फडक्याला पुसला आणि म्हणाली, "ही आत जाणार नाही. भिजलीय. हिला घरी पाठवा." माणसं हसली. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याने तिने मॅनेजरला सांगून मला थंड खोलीतून काढलंच आणि बाहेर धक्क्यावर टाकलं, जिथे गाड्या भरतात. थंड खोलीतल्या माणसांना मान असतो, धक्क्यावरचे म्हणजे नुसते उचलणारे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात, जे आम्हा दोघींचं सामाईक होतं, मी तिला बोलले. तिला मूल झालं नव्हतं. त्यावरून मी तिला कधीच काही बोलले नाही, त्या एका वेळेखेरीज. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या अंगातली ऊब कशाला मोजत फिरता, जाऊबाई? तुमच्यात असती तर पोटात काही धरलं असतं." हातातली पळी तिने भांड्यात ठेवली, गॅस बंद केला आणि आत निघून गेली. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या मला काही म्हणाल्या नाहीत, तेव्हा मला वाटलं त्या माझ्या बाजूच्या आहेत.

त्यानंतर आमच्यात शब्द नाही. आमच्या ह्यांनी समजावून पाहिलं, मोठे भावोजी ट्रकवर महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यांनी तर प्रयत्नही केला नाही. कामाच्या ठिकाणी ती मला जाकीट द्यायची ते खिडकीच्या फळीवर टाकून, दुसरीकडे बघत. घरात चूल एक, पण वेळा वेगळ्या. सासूबाईंची वाटणी आम्ही आठवड्याने केली. एक आठवडा तिने सकाळची शिफ्ट घ्यायची आणि मी दुपारची, म्हणजे सकाळी सासूबाई माझ्याकडे. पुढच्या आठवड्यात उलट. म्हातारी बाई आमच्या दोघींच्या खोल्यांमधल्या पडवीत झोपायची, आणि दोघींपैकी कुणाच्या आठवड्यात तिला जास्त बरं वाटलं, याच्यावर आमची न बोलता चढाओढ चालायची. मला कबूल करायला लाज नाही, सासूबाईंनी मला चांगलं म्हणावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. त्यांचे पाय चेपले, नखं कापली, केस विंचरले. जाऊबाई यातलं काही करत नसे. ती फक्त त्यांच्या कॉलरीत हात घालून बघायची आणि टोपी घाला म्हणून ओरडायची.

रजईचं प्रकरण त्याच चढाओढीतलं. गाडीत माल चढायला उशीर लागला की धक्क्यावर ठेवलेल्या खोक्यांवर आम्ही जाड आवरण टाकायचो. आत पांढरं भरण, वरून चकचकीत कापड, आडव्या-उभ्या शिवणी घातलेलं. सगळे त्याला रजईच म्हणायचे. "रजई टाक रे खोक्यांवर," हे दिवसातून शंभरदा कानावर यायचं. त्यातली एक रजई कोपऱ्यात फाटली म्हणून टाकायला काढली होती, ती मी मागून घेतली. दोनदा धुतली, कोपरा शिवला आणि सासूबाईंच्या पायथ्याशी ठेवली. इतकं जाड पांघरूण त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दिवसभर त्यावर हात फिरवत बसल्या. जाऊबाई आली, तिने दोन बोटांत रजई चिमटली आणि माझ्याशी बोलायचं नसल्यामुळे भिंतीशी बोलली. "हे खोक्यांचं आहे. माणसाचं नाही." मी मनात म्हटलं, जळ.

ज्या दिवसाची मला गोष्ट सांगायची आहे, तो त्याच हिवाळ्यातला. असा हिवाळा मी पुन्हा पाहिला नाही. नळातलं पाणी हाताला चावायचं, सकाळी अकरापर्यंत धुकं, रस्त्यावर गाड्या दिवे लावून रांगत चालायच्या. वीज आदल्या रात्रीपासून गेलेली. आठवडा माझा होता. मी गॅसवर पाणी तापवून अर्धी बादली न्हाणीत ठेवली, सासूबाईंना गाऊन आणि टॉवेल दिला आणि म्हटलं, "आई, सावकाश करा आंघोळ, मी आलेच." शेजारच्या बाईच्या ओट्यावर शेकोटी पेटली होती. तिथे बसून मी जाऊबाईची उणीदुणी काढत होते. अर्धा तास म्हणून गेले, तासाच्या वर झाला. खोटं कशाला सांगू, मजा येत होती.

परत आले तर न्हाणीचं दार उघडं, बादली लवंडलेली, वरची खिडकी सताड, आणि सासूबाई ओल्या फरशीवर आडव्या. आंघोळ करून गाऊन घातला असावा आणि मग पाय सरकला असावा. गाऊन पाठीला चिकटलेला. दात असे वाजत होते की मला बाहेरूनच ऐकू आलं. "किती वेळ झाला, आई?" तर त्यांना बोलता येईना. माझी पाचावर धारण बसली.

ताकद मला भरपूर आहे. मी त्यांना एकटीने उचलून खाटेवर आणलं. आणि मग मी जे केलं ते लिहिताना अजून हात थांबतो. मी ओला गाऊन काढला नाही. त्या इतक्या कुडकुडत होत्या की मला वाटलं, आधी ऊब, कपड्यांचं मग बघू. केसांभोवती टॉवेल गुंडाळला, अंगावर दोन ब्लँकेटं टाकली, त्यावर माझा कोट, त्यावर आमच्या ह्यांचा कोट आणि सगळ्यांवर ती रजई. चारी बाजूंनी दाबून बसवली. मग दवाखान्याच्या गाडीला फोन केला. ते म्हणाले, धुकं आहे, तासभर तरी लागेल. मग ह्यांना फोन केला. हे कोल्ड स्टोरेजच्या मशीनरूममध्ये होते. एवढंच म्हणाले, "बरं. मी कुणाला तरी पाठवतो."

मी खाटेशी बसले आणि रजईवर हात ठेवून, येईल त्या देवाचं नाव घेत राहिले. रजई हलत होती. आत सासूबाई थडथडत होत्या, खाटेचे पाय वाजत होते. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग हलणं कमी झालं. मग आणखी कमी. आणि मग थांबलं. दात वाजायचे थांबले, चेहरा शांत झाला, डोळे अर्धे मिटले. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, केलं काम रजईने. मी चहाचं आधण ठेवायला उठले. उठले, आणि त्या वेळी मी खूश होते, हे मला विसरता येत नाही.

दार धाडकन उघडलं ते जाऊबाईने. ह्यांनी तिलाच सांगितलं होतं. पुढे इतरांकडून कळलं की रांगेत माणसं उभी असताना तिने खिडकीचं फळकूट खाली ओढलं आणि कुणाला काही न सांगता निघाली. अंगात कामाचंच जाकीट होतं. माझ्याकडे न बघता ती खाटेशी गेली आणि थरांखालून हात सासूबाईंच्या मानेमागे घातला. हात तसाच आत ठेवून तिने मला विचारलं. तीन वर्षांत माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"थरथर कधी थांबली?"

"झाली की दहा मिनिटं," मी म्हटलं. "बरं वाटतंय आता त्यांना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला आजवर पुष्कळांनी वाईट नजरेने पाहिलंय, पण तसं कोणी नाही.

"बरं वाटत नाहीये, मूर्ख बाई. अंगातलं इंधन संपलंय, म्हणून थांबली थरथर." आणि दोन्ही हातांनी तिने रजई ओढून जमिनीवर फेकली, कोट फेकले, ब्लँकेटं फेकली. मी किंचाळले, "अहो काय करताय, मरतील त्या!" आणि तिचा हात धरला. तिने दुसऱ्या हाताने माझ्या तोंडात दिली. खरंच दिली. मग म्हणाली, "रोज खोक्यांवर हीच टाकतेस ना? का टाकतेस? मटार ऊबदार राहावा म्हणून?"

मी गालावर हात धरून उभी. तिचं बोलणं डोक्यात उतरायला दोन क्षण लागले. रजई आम्ही टाकायचो ती मटार गारच राहावा म्हणून. नाव रजई, म्हणून मी तिला माणसाचं पांघरूण समजून घरी घेऊन आले होते. आतली वस्तू जशी असेल तशी ती ठेवते, गरम तर गरम आणि गार तर गार. मी एक गार पडलेली, भिजलेली म्हातारी घेतली, आणि ती तशीच राहावी याची पक्की व्यवस्था केली.

"ओलं आहे सगळं आत," ती म्हणाली. "तेही नाही काढलंस." कात्री घेऊन तिने गाऊन उभा कापला, सोलून काढला, टॉवेलने अंग टिपलं. मी सासूबाईंचे तळपाय चोळायला घेतले, तर तिने माझ्या हातावर फटका मारला. "चोळू नको. हातापायातलं गार रक्त आत ढकलशील. हलवू पण नको जास्त." स्वतःची लोकरीची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली. मला वाटलं आता ही त्यांना आपल्या जाकिटात घेईल. पण तिने जाकीट काढलं आणि माझ्याकडे वळली.

"कपडे काढ."

"काय?"

"कपडे काढ आणि आत शीर. त्यांना चिकटून. छाती त्यांच्या पाठीला, पोट कमरेला. लवकर."

"मी? तुम्ही का नाही—"

"माझ्यात ऊब नाही," ती म्हणाली. "तूच सांगितलंस ना. हात लावून बघ." आणि तिने आपला हात माझ्या मानेमागे घातला. वर्षानुवर्षं त्या खिडकीत थंड खोलीचा वारा खाऊन, अंगावर मांस म्हणून नाही, हात बर्फासारखा गार. "तू भट्टी आहेस. आज तरी कामाला ये."

मी काढले कपडे. लाज वाटायला वेळ नव्हता. त्या खाटेवर मी सासूबाईंच्या मागे आडवी झाले आणि त्यांना कवेत घेतलं, आणि मला वाटलं मी न्हाणीच्या फरशीलाच मिठी मारली आहे. असं माणसाचं अंग मी कधी अनुभवलं नव्हतं. वरून जाऊबाईने आधी कोरडी चादर घातली, मग ब्लँकेटं, मग आपलं जाकीट आणि शेवटी तीच रजई, सैल, कुठेही न दाबता. "आता टाकायची," ती म्हणाली. "आता आत शेगडी आहे." मग चहासाठी ठेवलेलं पाणी बाटल्यांत भरलं, फडक्यात गुंडाळून एकेक बाटली त्यांच्या काखेत दिली आणि उशाशी बसली.

त्यानंतरची चाळीस मिनिटं ती एकसारखी बोलत होती. सासूबाईंनी झोपू नये म्हणून त्यांना हाका मारायची, "आई, डोळे उघडा, आई, इकडे बघा," आणि मधल्या वेळात मला शिव्या घालायची. मी कुठे गेले होते, कुणाच्या ओट्यावर बसले होते, कशाबद्दल बोलत होते, हे तिला बरोबर ठाऊक होतं. तीन वर्षांचं साठलेलं होतं. मी उलट बोलू शकत नव्हते, कारण माझं तोंड सासूबाईंच्या मानेत होतं आणि मी रडत होते. एकदा मी वर पाहिलं तर ती सासूबाईंच्या टोपीवर दोन्ही हातांचे तळवे धरून बसली होती, कपड्यावरून, म्हणजे तिच्या हातांचा गारठा त्यांना लागू नये. तेवढ्यात तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि म्हणाली, "बघतेस काय? चिकटून राहा."

मग माझ्या पोटाशी काहीतरी हललं. आधी बारीक, सुतासारखं. मग थांबलं, मग पुन्हा, जोरात. सासूबाईंचं सगळं अंग थडथडायला लागलं, दात वाजायला लागले. मला वाटलं, संपलं. मी ओरडले, "जाऊबाई, परत सुरू झालं!"

"येऊ दे," ती म्हणाली. आणि मग भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. "येऊ दे. चांगलं आहे ते."

गाडी आली. दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सगळे जमले, हे, ट्रक अर्ध्या वाटेत सोडून आलेले भावोजी, शेजारपाजारचे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आता धोका नाही. मग त्यांनी विचारलं, "घरी ओले कपडे कुणी काढले? अंगाशी धरून कोण झोपलं होतं? त्यानेच वाचल्या त्या. नाहीतर इथे आणेपर्यंत काही उरलं नसतं."

माझ्या गाऊनची बटणं एकाआड एक चुकलेली होती, केस विस्कटलेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून शब्द निघाला, "मी."

खोटं तर नव्हतं. धरून मीच झोपले होते. ह्यांचे डोळे भरून आले. भावोजींनी, ज्यांनी मला कधी धड हाक मारली नव्हती, माझ्यासमोर हात जोडले. शेजारीण म्हणाली, "बघा, हिला कसं सुचलं!" आणि मी दाराकडे पाहिलं. तिथे जाऊबाई उभी होती, ओल्या गाऊनचे दोन तुकडे पिशवीत घेऊन. आता उघडेल तोंड, मी म्हटलं. सांगेल सगळं, ओटा, रजई, चहाचं आधण, सगळं. रांगेतल्या तीस माणसांसमोर माझा घाम फडक्याला पुसणारी बाई आहे ही, इथे कशाला सोडेल. मी वाट बघत उभी राहिले.

"हो," ती म्हणाली. "हीच होती." आणि पिशवी घेऊन घरी निघून गेली.

सासूबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की धाकटीने मला परत आणलं, धाकटीच्या अंगाला देवाची ऊब आहे. त्यांना त्या तासातलं जाऊबाईचं काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की पाठीमागून कुणीतरी धरलं होतं. हे त्या जाऊबाईसमोर सांगायच्या, ती त्यांच्या ताटात वाढत असताना, त्यांच्या टोपीची नाडी बांधत असताना. जाऊबाई वाढून झालं की भांडं उचलून आत जायची. त्या चार वर्षांत असा एकही दिवस नव्हता की मला एक वाक्य बोलता आलं नसतं. आई, ते तसं नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आज सांगू, उद्या सांगू, करत मी सांगितलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा माझा हात हातात धरून गेल्या. जाऊबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

आता ती निवृत्त आहे. आमचं बोलणं अजूनही नाही. दुपारी तिच्या खोलीतून छडीचा आवाज येतो, स्वतःचीच पांघरुणं झोडपत असते. मी कधी कधी तिच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. त्या दिवशी दवाखान्यात तिने चारचौघांत माझं माप काढलं असतं, तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, घर डोक्यावर घेतलं असतं, आणि चार दिवसांनी मोकळी झाले असते. तिने ते केलं नाही. माझ्याबद्दल ती कुणापाशी एक अक्षर बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. बाकी सगळं मी तिला माफ केलंय, भट्टी म्हणणं, धक्क्यावर टाकणं, ती तोंडात दिलेलीसुद्धा. हे मात्र मी तिला कधीच माफ करणार नाही.